त्या बाई का थांबल्या, हे विचारलंत का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक गेली अकरा वर्षं प्रोग्रॅमर म्हणून नोकरी करत आहेत. अगदी नवख्यांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा ऑनलाइन कोर्स काढावा, असं त्यांच्या मनात दोन वर्षांपासून आहे. बेचाळीस धड्यांची यादी तयार आहे, चांगला माइक घेऊन झालाय, पहिले तीन व्हिडिओ रेकॉर्ड करून पुसूनही झालेत. पण शोधायला बसलं की असे शेकडो कोर्स समोर येतात. कितीतरी फुकट, काही तर नामांकित विद्यापीठांचे. जोडीदाराचं म्हणणं, "एवढ्या गर्दीत तुझा कोण बघणार?" मित्राचं म्हणणं, "एकदा करून ठेव, झोपेतही पैसे येत राहतील." शिवाय आता कोड एआयच लिहून देतो, मग शिकणार तरी कोण, ही धास्ती आहेच. मध्यंतरी त्यांनी ऑफिसातल्या तिघांना मधल्या सुट्टीत शिकवून पाहिलं. "सपोर्ट विभागातले दोघं बऱ्यापैकी शिकले, हिशेब विभागातल्या एक बाई सातव्या दिवसानंतर आल्या नाहीत." प्रश्न एकच: कोर्स करू की नको?

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात ते बाजाराबद्दलचं वाटलं. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि मोजलं. सहा परिच्छेद इतरांच्या कोर्सवर, अर्धा माइकवर, आणि यायच्या थांबलेल्या त्या बाईंवर एक वाक्य. तेही ओघात आलेलं, 'बाकी सगळं ठीक' म्हणताना यावं तसं. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातलं मोलाचं वाक्य तेच. पण तुम्ही विचारलंय गर्दीबद्दल, तेव्हा आधी गर्दीचं बघू.

गर्दी खरी आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य सगळ्यांना खुलं करायचं २००१ मध्ये जाहीर केलं. २०१२ च्या सुमारास कोर्सेरा, युडॅसिटी आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचे प्लॅटफॉर्म एकापाठोपाठ उभे राहिले. त्या वर्षाला न्यूयॉर्क टाइम्सने अशा खुल्या ऑनलाइन कोर्सचं वर्ष असंच नाव दिलं होतं. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राची तोंडओळख करून देणारा कोर्स तेव्हापासून कुणालाही घरबसल्या फुकट करता येतो. २०१४ मध्ये सुरू झालेलं, प्रोग्रॅमिंग शिकवणारं फ्रीकोडकॅम्प तर ना-नफा तत्त्वावरच चालतं. यांच्यासारखाच कोर्स काढून यांच्याशी टक्कर घ्यायची असेल, तर तुमच्या जोडीदाराचं बरोबर आहे, आणि पुढचं वाचायचीही गरज नाही. त्यांच्याकडे स्टुडिओ आहे, माणसं आहेत, नाव आहे. तुमच्याकडे रात्रीचे दोन तास आणि एक माइक.

आता त्या गर्दीचं पुढे काय होतं, ते बघा. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सच्या आकडेवारीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पुरा करणारे होते सुमारे ३ टक्के. यातले पुष्कळजण नुसते डोकावायला येतात हे खरं, त्यामुळे हा आकडा दिसतो तेवढा भीषण नाही. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतही शेवटाला पोचणारे निम्म्याहून कमीच होते, ४६ टक्के. आणि हे फक्त ऑनलाइनचं दुखणं नाही. १५ देशांतल्या, प्रत्यक्ष वर्गात चालणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सची निकालपत्रं एकत्र करून २०१४ मध्ये दोन संशोधकांनी हिशेब मांडला, तर साधारण तिसरा हिस्सा विद्यार्थी पास होत नव्हते. त्याहून जुनी, २००१ ची एक पाहणी मला फार अस्वस्थ करते. वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांत सुरुवातीचं प्रोग्रॅमिंग शिकून झालेल्या २१६ विद्यार्थ्यांना छोटे प्रोग्रॅम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण पडले सुमारे २३. ही मुलं कोर्स सोडून गेलेली नव्हती, बसून शिकलेली होती.

म्हणजे शिकवायला बसलेल्यांची दाटी आहे, पण 'शिकवून झालं' असं म्हणता येईल अशी स्थिती कुठेच नाही. तुमच्याकडे जो कुणी येईल, तो बहुधा पहिल्यांदाच शिकायला आलेला नसेल. आधी दोन कोर्स त्याने अर्ध्यावर सोडलेले असतील, आणि दोष कोर्सला न देता स्वतःला दिलेला असेल: 'आपल्याला गणित जमत नव्हतं, हेही जमणार नाही.' पंधरा कोर्सची तुलना करून सोळावा निवडणारा ग्राहक तुम्ही डोळ्यांपुढे धरलाय. मला मात्र तिसरा कोर्स उघडायलाच घाबरणारा माणूस दिसतो. त्याच्यासाठी काही करायचं असेल तर इतरांच्या अनुक्रमणिका बघून उपयोग नाही. तो कुठे अडला, हे बघायला हवं.

आता 'अगदी नवख्यांसाठी' या तुमच्या शब्दाकडे वळू. हा शब्द पत्रात नऊ वेळा आलाय, आणि नऊच्या नऊ वेळा त्याच्यामागे कुणी माणूस उभा नाही. बारा वर्षांचं पोर नवखं. पन्नाशीतला संशोधक नवखा. नोकरी बदलू पाहणारी पदवीधर नवखी, आणि महिन्याकाठी चारशे ओळींचं कोष्टक हाताने जुळवणारा कारकूनही नवखाच. त्यांना एका बाकावर बसवलं की शिक्षक कुणाशीच बोलत नाही, तो विषयाशी बोलतो. मग धडे पडतात ठरलेल्या क्रमाने: व्हेरिएबल, डेटा टाइप, कंडिशन, लूप, फंक्शन. तुमची यादी अशीच आहे. सगळ्यांचीच असते. गर्दी जी वाटते ती या सारखेपणाची आहे.

नवख्यांना शिकवायच्या या धंद्यात ज्यांनी काही वेगळं उभं केलं, त्यांच्यापुढे बहुतेक वेळा ठरावीक माणसं होती. डार्टमथ कॉलेजातल्या जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांना विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा असं वाटत होतं. त्यातून १९६४ मध्ये बेसिक ही भाषा आली. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गॉर्डा यांनी लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी एक कोर्स घेतला, त्याचंच पुढे सॉफ्टवेअर कार्पेंट्री हा शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंग शिकवणारा उपक्रम झाला. शास्त्रज्ञाला सॉफ्टवेअर कंपनीत जायचं नसतं, त्याला आपल्या मोजमापांची फाइल नीट वाचायची असते आणि त्याच्याकडे वेळ नसतो. म्हणून त्यांची कार्यशाळा आज साधारण दोन दिवसांत आटोपते. आणि संगणकशास्त्रज्ञ फेलिएन हर्मन्स यांचं उदाहरण तर तुम्ही जरूर बघा. त्या शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवत होत्या, आणि मुलं विचारात कमी, अवतरणचिन्हांत आणि कंसांत जास्त अडकत होती. त्यांनी २०२० मध्ये हेडी नावाची भाषा काढली. तिच्या पहिल्या पायरीवर अवतरणचिन्हंच लागत नाहीत; नियम पायरीपायरीने वाढत जातात. २०२० साली बाजारात जागा होती का, असं विचारत बसल्या असत्या तर उत्तर 'नाही' असंच आलं असतं. पण त्यांच्यासमोर बाजार नव्हता, समोरच्या बाकावर वैतागलेली मुलं होती.

मी तुम्हाला नवी भाषा काढायला सांगत नाहीये, घाबरू नका. सांगतेय ते एवढंच, की तुमच्यासमोरही असं एक माणूस बसलं होतं आणि सातव्या दिवशी उठून गेलं.

पत्रातलं दुसरं एक गृहीतक मला खटकलं. "अवघड विषयांवर कोर्स करण्याएवढा अनुभव नाही, म्हणून सुरुवात सोप्यापासून, नवख्यांपासून करावी म्हणतो." हे उलटं आहे. जाणत्याला शिकवणं त्या मानाने सोपं. तो कुठे अडला ते स्वतः सांगू शकतो. नवख्याला आपण अडलोय कुठे तेच कळत नसतं, आणि तुम्हाला ते दिसत नसतं, कारण अकरा वर्षांत तुम्ही ते पार विसरून गेलात.

उदाहरणं देते. 'क = ख' असं लिहिलं की तुम्हाला उजवीकडून डावीकडे जाणारी किंमत दिसते. शाळेत समीकरणं सोडवलेल्याला मात्र दोन्ही बाजू सारख्या असल्याचं विधान दिसतं. मग पुढच्या ओळीत 'क = क + १' आलं की तो मनात म्हणतो, हे तर खोटं आहे. बोलत नाही. वर्गात किंवा व्हिडिओसमोर खोटं सहन करायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. किंवा हे बघा: आपण व्हेरिएबलला, म्हणजे किंमत ठेवायच्या डब्याला, अर्थपूर्ण नाव द्या म्हणून सांगतो. त्याने 'सर्वांत_मोठा' असं नाव दिलं, आणि आता त्याची प्रामाणिक समजूत अशी की त्यात सर्वांत मोठा आकडा आपोआप येऊन बसेल. यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलंय आणि त्याला आपला हेतू कळतो, या समजुतीला रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्येच नवख्यांच्या चुकांची जननी ठरवलं होतं. सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या तिच्या पोटच्या. आणि याच्याही आधी फाइल नेमकी कुठल्या फोल्डरात सेव्ह झाली हे न कळणं, लाल अक्षरातली एरर म्हणजे आपण काहीतरी मोडलं असं वाटणं, आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलच्या काळ्या खिडकीचीच भीती. तुमच्या बेचाळीस धड्यांत यातल्या एकालाही जागा नाही. यादीवरून दोनदा बोट फिरवून पाहिलं.

माझी पाटी याबाबतीत कोरी नाही. माझाही एक कोर्स अर्धवट पडलाय. चौदा व्हिडिओ झाले होते आणि त्यातले पहिले पाच फक्त सगळं इन्स्टॉल कसं करायचं यावर होते. नमनालाच घडाभर तेल. ओळखीच्या एका मुलाने भिडेखातर ते पाचही पाहिले आणि मग मला विचारलं, "म्हणजे प्रोग्रॅमिंग म्हणजे मुख्यतः इन्स्टॉल करणं असतं का?" त्याला चिडवायचं नव्हतं. तो खरंच विचारत होता.

आता त्या बाई. तुमच्या यादीत सातवा धडा लूपचा, म्हणजे तेच काम यंत्राकडून पुन्हापुन्हा करून घेण्याचा आहे, आणि सोबत जोडलेला सराव आहे ताऱ्यांचा पिरॅमिड छापण्याचा. पहिल्या ओळीत एक तारा, दुसऱ्या ओळीत तीन, तिसऱ्या ओळीत पाच. मी अंदाज बांधतेय, चुकीचाही असेल. पण दिवसभर खरे आकडे हाताळणारी बाई सुट्टीतला वेळ काढून येते, आणि तिच्यापुढे आपण तारे ठेवतो. एका लूपच्या पोटात दुसरा लूप, तेही लूपच्या पहिल्याच दिवशी. लूप म्हणजे काय हे तिला तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार. पाच विभागांकडून आलेल्या पाच फाइली उघडायच्या, प्रत्येकीतली एकूण रक्कम उचलायची, एका कागदावर मांडायची. दर महिन्याला ती हाताने लूपच तर चालवते. तिला कुणी ते सांगितलं नाही.

कदाचित असं काहीच नसेल. वर्षअखेरीचं काम आलं असेल. बाकीचे दोघं भराभर पुढे जात होते, त्यांच्यासमोर विचारायला संकोच वाटला असेल. तुम्ही मदत म्हणून तिच्या कीबोर्डवर हात घातला असेल. आपण प्रोग्रॅमर हे सर्रास करतो, आणि त्या क्षणी समोरचा शिकणं थांबवतो. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. वर्ष उलटून गेलं तरी तुम्हाला हे माहीत नाही, आणि तुम्ही बेचाळीस धड्यांची यादी केलीत.

त्या दोघांचं श्रेय घ्यायची घाईही नको. सपोर्ट विभागातल्यांना एरर नवीन नसते, फोल्डर नवीन नसतो. ते कुठल्याही कोर्समधून शिकले असते. तुमचं शिकवणं कसं आहे याची खरी परीक्षा झाली ती तिसऱ्या खुर्चीवर.

एआयची धास्ती मी थोडक्यात आवरते, कारण तिच्यावर सगळेच बोलताहेत. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर आलं आणि नवख्यांच्या सरावातले बहुतेक प्रश्न ते चुटकीसरशी सोडवतं, हे खरं. ज्या कोर्समध्ये शेवटी 'आता हा प्रोग्रॅम टाइप करा' एवढंच असतं, त्यांची कठीण वेळ आहे. पण लिहून मिळालेला कोड बरोबर आहे का, हे कुणी ठरवायचं? कोड वाचता येणं हे कौशल्य आधीही दुर्लक्षितच होतं. २००४ मध्ये सात देशांत झालेल्या एका पाहणीत असं दिसलं होतं की कितीतरी विद्यार्थ्यांना छोटासा तयार कोड काय करेल हेसुद्धा नीट सांगता येत नाही; लिहिणं तर पुढची गोष्ट. आज हिशेब विभागातल्या बाईला एआय वीस ओळी लिहून देईल, आणि त्यातली एक ओळ परताव्याच्या रकमा दोनदा धरत असेल. ती ओळ ओळखायला शिकवणारा कोर्स मला फारसा कुठे दिसत नाही. शिवाय समजावून सांगणं आता स्वस्त झालंय, तेच पुन्हा दहा वेळा विचारलं तरी यंत्र कंटाळत नाही. म्हणून केवळ 'मी छान समजावतो' हे कोर्स काढण्याचं कारण पुरेसं नाही. काय आधी शिकायचं, काय मुद्दाम गाळायचं, आणि कोण तीन दिवस आलं नाही, एवढं बघणारं कुणीतरी मात्र अजून लागतं.

आणि झोपेतले पैसे. तुमच्या मित्राने कोर्स कधी सांभाळलेला नसावा. पायथन ३ हे २००८ च्या डिसेंबरात आलं आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला थांबला. मधली अकरा वर्षं जुन्या कोर्समधली अगदी पहिली ओळ, पडद्यावर काहीतरी छापण्याची, नव्या आवृत्तीत टाइप केली की कंस नाही म्हणून एरर यायची. नवख्याचं पहिलंच पाऊल, आणि तोंडावर आपटणं. असे मोठे बदल रोज होत नाहीत, पण लहानसहान होतच राहतात: इन्स्टॉल करतानाचा पडदा बदलतो, कोड लिहायच्या एडिटरचं बटण जागा सोडतं, एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, रुसते. जाणता ते दुर्लक्षून पुढे जातो, नवखा तिथेच थांबतो. म्हणजे ज्या प्रकारचा कोर्स लवकर शिळा होतो आणि ज्याचे विद्यार्थी शिळेपणाने सगळ्यात जास्त दुखावतात, नेमका तोच तुम्ही 'एकदा करून ठेवणार' आहात. मोठ्या प्लॅटफॉर्मवर टाकलात तर किंमत, सवलत आणि यादीतली जागा यांवर तुमचा ताबा मर्यादित राहतो. स्वतःच्या साइटवर ठेवलात तर विद्यार्थी आणण्याचं काम तुमचं, आणि ते शिकवण्याच्या कामापेक्षा मोठं होऊन बसतं. पैसे मिळूच शकत नाहीत असं मी म्हणत नाही. पण पैसे हेच मुख्य कारण असेल, तर अकरा वर्षांच्या अनुभवाचे तासावारी कामातून जास्त आणि लवकर मिळतील. ओळख व्हावी, नाव व्हावं हे कारण असेल तर त्यातही लाजण्यासारखं काही नाही, पण मग बेचाळीस धड्यांची काय गरज? एक सुरेख, नेमका धडा तेवढं काम करतो.

तर करू की नको? माझं उत्तर: अजून ठरवू नका, कारण ठरवण्यासारखं काही तुमच्या हातात नाही. कोर्स काय असेल हेच तुम्हाला अजून माहीत नाही. तुम्हाला पायथनची अनुक्रमणिका माहीत आहे. माइक कपाटात ठेवा. एकाच प्रकारची पाच माणसं शोधा. 'नवखी' हा प्रकार होत नाही. 'दर महिन्याला फाइली जुळवणारी' हा होतो. तीन-चार आठवडे त्यांच्याशेजारी बसा, शक्यतो एकेकट्याच्या. नियम एकच: हात पाठीमागे. त्यांच्या कीबोर्डला स्पर्श करायचा नाही. ते अडले की लगेच बोलायचं नाही, मनात वीस आकडे मोजायचे. हे फार जड जातं, मला अजूनही जातं. आणि एका वहीत ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं. 'व्हेरिएबल समजलं नाही' असं नव्हे, "हे नाव मी ठेवलं की ते आधीपासून होतं?" असं.

त्या वहीतून जे निघेल, ते आधी मजकूर म्हणून लिहा, व्हिडिओ नको. मजकुरातली चूक दोन मिनिटांत सुधारता येते. व्हिडिओतली चूक सुधारायची तर पुन्हा माइक, पुन्हा शांत खोली, आणि म्हणून ती कुणी सुधारत नाही. पुढे व्हिडिओ केलेच तर आखूड करा. एडएक्सवरच्या ६९ लाख प्रेक्षण-सत्रांचा २०१४ मधला अभ्यास सांगतो की माणसं सलग सहा मिनिटांच्या पलीकडे फारशी टिकत नाहीत. सरावासाठी कोऱ्या पडद्याऐवजी सुट्या केलेल्या ओळी द्या, त्या योग्य क्रमाने लावायला सांगा. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेली ही साधी युक्ती आहे आणि तिने नवख्याचं अर्धं ओझं उतरतं, कारण टाइप करताना होणारे अपघात वजा होतात आणि विचार तेवढा उरतो.

पाचांपैकी तिघांनी आपापल्या कामातली एक खरी कटकट स्वतःच्या प्रोग्रॅमने सोडवली, की पुढच्या दहा जणांकडे जा आणि या वेळी पैसे आधी मागा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण कोर्स तयार होण्याआधी मागा. "छान कल्पना आहे" असं म्हणणारे भरपूर भेटतील. ते आणि पैसे देणारे हे दोन वेगळे समाज आहेत.

आणि थांबायचं कधी, हेही आत्ताच ठरवून ठेवा. महिनाभर शोधूनही पाच माणसं मिळाली नाहीत, तर पाचशे मिळणार नाहीत. माइक विकून टाका. माणसं मिळाली, पण त्यांच्याशेजारी बसणं तुम्हाला शिक्षा वाटली, तरीही सोडा. कोर्स काढावासा वाटणं वेगळं आणि शिकवावंसं वाटणं वेगळं. बऱ्याच जणांना पहिलं वाटत असतं आणि ते दुसऱ्याच्या नावाखाली खपून जातं. शिकवणं आवडलं पण बाकीचा पसारा नको असेल, तर नवा कोर्स हा काही एकमेव रस्ता नाही. कार्पेंट्रीचे धडे खुल्या परवान्याखाली आहेत, ते घेऊन, बदलून, तुम्ही आपल्या लोकांना शिकवू शकता. किंवा सीएस५० करणाऱ्या चारजणांचा गट जमवा आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसा. व्हिडिओ त्यांचे, खुर्ची ओढून शेजारी बसणं तुमचं.

हाच प्रश्न विचारणारी आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यातल्या एका प्रकाराला इथेच उत्तर देते. वर्षभरापूर्वी स्वतः शिकलेली मुलंमुली लिहितात, "आम्हाला अनुभव नाही, आम्ही कोर्स करावा का?" मुलांनो, अडल्याची आठवण तुमच्याकडे ताजी आहे आणि ती फार लवकर पुसली जाते. कोर्स राहू द्या, पण कुठे अडलात आणि कशाने सुटलं हे आज रात्री लिहून काढा. पत्रलेखकांकडे नेमकं तेवढंच नाहीये.

तुमच्या जोडीदाराबद्दल एक शंका येते, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. "तुझा कोण बघणार" या वाक्यात बाजाराचा अंदाज किती आणि "दोन वर्षं संध्याकाळी तू या खोलीत असतोस" हे किती, ते एकदा विचारून बघा. पाच माणसांबरोबर चार आठवडे, याला कदाचित त्यांची हरकत नसेलही. न संपणाऱ्या कोर्सला असू शकते, आणि ती रास्त आहे.

पण या सगळ्याच्या आधी हिशेब विभागात जाऊन या. कोर्सचं नाव काढू नका, परत यायचा आग्रह करू नका, माफीही मागू नका. त्यांना सवडीची वेळ विचारा आणि म्हणा, "सातव्या दिवशी आपण तो ताऱ्यांचा प्रोग्रॅम करत होतो. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं, मला ऐकायचंय." मग त्या बोलायला लागल्या, आणि मधेच लूपबद्दल काही चुकीचं म्हणाल्या, तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. वही काढा आणि जसंच्या तसं लिहून घ्या.